सकाळी सातचा डबा, दुपारी एकची भूक

बारामतीहून इंदापूरकडे निघाले की भवानीनगर, लासुर्णे, जंक्शन, अंथुर्णे मागे पडते आणि शेळगाव येते. पुढे निमगाव केतकी, पानमळ्यांचे गाव. सकाळी साडेसहा-सातच्या सुमारास या पट्ट्यातल्या कुठल्याही वस्तीवर उभे राहा, एकाच घरातून वेगवेगळ्या दिशांना डबे निघताना दिसतील. एक उसाच्या नाहीतर डाळिंबाच्या रानाकडे, एक कारखान्याच्या पाळीला, एक पिवळ्या स्कूलबसमधून इंग्रजी शाळेला. धाकटे मूल जिल्हा परिषदेच्या शाळेत असेल तर त्याला डबा लागत नाही, तिथे शिजवलेले जेवण मिळते. तरी त्याच्या दप्तरात मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा टाकल्याखेरीज आजीला चैन पडत नाही. सगळे डबे एकाच तव्यावरून उतरलेले असतात. पण प्रत्येकाचे नशीब वेगळे.

या पुस्तकाचा विषय त्यांतला एकच डबा आहे, शाळेत जाणाऱ्या मुलाचा. विषय घरगुती आहे म्हणून तो सोपा ठरत नाही. ताटात वाढलेले अन्न लगेच खाल्ले जाते, समोर बसून खाल्ले जाते, कमी पडले तर पुन्हा वाढता येते, तिखट झाले तर ताक पुढे करता येते. डब्यातल्या अन्नाला यातले काहीच मिळत नाही. ते सातला भरले जाते आणि एकला उघडले जाते. मधले तास ते दप्तराच्या कप्प्यात, बसच्या तापलेल्या पत्र्याखाली आणि वर्गाच्या कोपऱ्यात काढते. शिवाय ते खाणारे मूल सात-आठ वर्षांचे असते, समोर आई नसते आणि शेजारी मित्र असतात. पुढच्या पानांवरचे पदार्थ वाचताना वाचकाने एकच प्रश्न मनाशी विचारत राहावा: हा एक वाजता कसा असेल? बहुतेक आयांच्या डोळ्यांसमोर असते ती सातची चव. आमच्या मते डब्यातला निम्मा घोटाळा तिथेच होतो.

आपल्याकडच्या जुन्या माणसांना हा प्रश्न चांगला ठाऊक होता. रानात जाणाऱ्याची शिदोरी पाहा. ज्वारीची नाहीतर बाजरीची भाकरी, तीही खरपूस भाजलेली. कोरडा झुणका, पातळ पिठले नाही. पिठले घरच्या ताटासाठी, झुणका बांधावरच्या जेवणासाठी. शेंगदाण्याची किंवा कारळ्याची कोरडी चटणी, मिठात ठेचलेली मिरची आणि लसूण. आणि कांदा अख्खाच. तो घरी कापून कोणी नेत नसे. जेवायला बसल्यावर बुक्कीने फोडायचा. त्या बुक्कीत किती शहाणपण आहे पाहा. सोललेला, कापलेला कांदा चार तासांत पाणी सोडतो, वास सोडतो, शेजारची भाकरी ओली करतो. सालीतला कांदा दुपारी सकाळसारखाच असतो. यातले काहीही कोणी पुस्तकात वाचून ठरवले नव्हते. ओल कमी, मीठ पुरेसे, आंबट किंवा तिखट सोबतीला, आणि जे कापल्यावर बिघडते ते न कापता न्यायचे, हे चार नियम पिढ्यान्‌पिढ्या पाळले गेले. आज अन्नशास्त्र हेच सांगते, फक्त कारणांसह.

दशमीचेही तसेच. पीठ पाण्याऐवजी दुधात किंवा गुळाच्या पाण्यात भिजवायचे, तूप लावून मंद भाजायचे. दुसऱ्या दिवशीही ती मऊ राहते. सोवळेओवळे पाळणाऱ्या घरांत दुधात भिजवलेले प्रवासात चालते म्हणून तिला मान होता, तो भाग आता मागे पडला. मऊपणा राहिला. आठ वर्षांच्या मुलाच्या दाताला दुपारी एकला ज्वारीची भाकरी चिवट लागते, दशमी लागत नाही, एवढ्यासाठी तरी ती डब्यात परत यायला हवी. धपाटी, थालीपीठ, गुळपोळी, तिळाची पोळी, मेथीचे ठेपल्यासारखे पातळ पराठे, सगळे याच कुळातले.

या शिदोरीची पुढची आवृत्ती एसटीने प्रवास करू लागली. १९४८च्या १ जूनला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली, आणि पुढे गावोगावी मुक्कामी गाड्या सुरू झाल्यावर तालुक्याच्या गावी शिकायला राहिलेल्या मुलांचे जेवण त्याच गाडीने जाऊ लागले. बारामतीत १९६२ साली तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय निघाले, १९७२ला विद्या प्रतिष्ठान. आसपासच्या गावांतली पोरे खोली करून राहू लागली. पहाटे आई डबा भरायची, वर कापडी पिशवी, पिशवीवर नाव. कंडक्टरच्या हवाली करायचे आणि बारामती स्टँडवर पोराने उतरवून घ्यायचे. एका पिढीचे शिक्षण या डब्यांवर झाले असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. त्या डब्यात वरण-भात नसायचा. कारण कुणी समजावून सांगत नसे, पण भात दुपारपर्यंत ‘वास मारतो’ हे सगळ्यांना माहीत होते.

भाताकडे जरा थांबून पाहण्यासारखे आहे, कारण आजच्या मुलांच्या डब्यात सर्वांत जास्त गफलत त्याचीच होते. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. भात शिजताना ते मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि एक विष तयार करतात. हे विष इतके चिवट की नंतर भात कितीही गरम केला तरी ते जात नाही. आपल्या घरांत रात्रीचा उरलेला भात ओट्यावर झाकून ठेवायचा आणि सकाळी त्याचा फोडणीचा भात करून डब्यात भरायचा, ही सर्रास चाललेली रीत. फोडणीने वास जातो, रंग येतो, मूल आवडीने खाते. दुपारी उलट्या झाल्या तर दोष मात्र शाळेच्या पाण्याला. फोडणीचा भात द्यायचाच तर रात्रीचा भात जेवण उरकल्याबरोबर परातीत पसरून निववावा, तासाभरात फ्रिजमध्ये जावा, आणि सकाळी कढईत वाफ येईपर्यंत परतावा. बाहेर रात्र काढलेला भात म्हशीला घाला, मुलाला नको.

जागतिक आरोग्य संघटनेचा साधा हिशोब असा: ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जिवाणू वाढतात, आणि शिजवलेले अन्न या टप्प्यात दोन तासांहून जास्त राहू नये. आता मार्च-एप्रिलमधले इंदापूर तालुक्यातले ऊन आठवा. चाळिशीला टेकलेल्या हवेत दप्तरातला डबा कुठल्या तापमानात असतो हे सांगायला थर्मामीटर नको. मग दोन तासांचा नियम पाळायचा कसा? प्रामाणिकपणे सांगायचे तर साध्या स्टीलच्या डब्यात ओला पदार्थ घालून तो पाळता येत नाही. म्हणून तापमानाऐवजी पदार्थच असा निवडायचा की जिवाणूला त्यात फारसे काही मिळू नये. पाणी कमी, आंबटपणा किंवा मीठ पुरेसे, भाजणे खरपूस. लिंबू पिळलेली परतलेली मोडाची मटकी, सुकी बटाट्याची भाजी, झुणक्याच्या वड्या, भाजलेल्या हरभऱ्याचे पदार्थ उन्हाळ्यातही तग धरतात. ओला नारळ, खवा, पनीर, साय, मेयोनीज हे धरत नाहीत. घाटावरच्या स्वयंपाकात सुके खोबरे चालते ते इथे उपयोगीच पडते. उकडलेले अंडे थंडीच्या दिवसांत सालीसकट द्यावे, तेही मूल पहिल्या छोट्या सुट्टीत खाणार असेल तर. उन्हाळ्यात ते घरीच, न्याहारीला.

बाजारात ‘गरम राहणारे’ डबे आणि अस्तराच्या पिशव्या भरपूर मिळतात. त्यांबद्दल एक सावधगिरी. चांगल्या निर्वात फ्लास्कमध्ये आधी उकळते पाणी पाच मिनिटे भरून ठेवले, ते ओतून देऊन लगेच उकळता पदार्थ वर काठापर्यंत भरला, तर तो दुपारी खरोखर गरम राहतो. एरवी या पिशव्या अन्न गरम ठेवत नाहीत, कोमट ठेवतात. कोमट म्हणजे जिवाणूला हवे तेच. अर्धवट गरम राहण्यापेक्षा पूर्ण निवालेला कोरडा पदार्थ बरा.

निववण्याची गोष्ट निघाली म्हणून चपातीचे सांगतो. तव्यावरची चपाती सरळ डब्यात टाकून झाकण दाबले की आतली वाफ झाकणाला लागते, तिचे थेंब होतात, आणि तेच थेंब वरच्या दोन चपात्यांवर पडून त्या लिबलिबीत होतात. मूल म्हणते, चपाती ओली होती, आणि आईला वाटते पोराचे नखरे. चपात्या दुरडीत किंवा जाळीवर सुती फडक्यावर उभ्या-आडव्या पसरून पाच-दहा मिनिटे वाफ जाऊ द्यावी, मग घडी घालून फडक्यात किंवा डब्यात. भाजी वेगळ्या कप्प्यात, तीही निवालेली. घाईत एवढा वेळ नसतो हे खरे. तेव्हा भाजी आधी आणि चपात्या नंतर हा क्रम उलटावा, चपात्या आधी. आणखी एक जागा सहसा कुणी पाहत नाही: झाकणातली रबरी रिंग. ती काढून पाहा. खाली पिठाचा, तेलाचा काळपट थर सापडला नाही तर नशीब. आठवड्यातून दोनदा रिंग काढून घासायची, उन्हात वाळवायची, पाण्याच्या बाटलीच्या बुचाचेही तसेच. डबा कितीही चकचकीत असो, वास त्या रिंगेतूनच येतो.

आता एका अशा धोक्याबद्दल, जो शहरी डब्याच्या पुस्तकांत येत नाही आणि या पट्ट्यात मात्र घराघरांत आहे. २०१३ साली १६ जुलैला बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावी शाळेतले जेवण जेवून २३ मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक गेले होते. असे जेव्हा होते तेव्हा आपण कुणाचा तरी गुन्हा म्हणून ती बातमी बाजूला ठेवतो. पण द्राक्ष, डाळिंब, ऊस, पेरू असलेल्या प्रत्येक वस्तीवर औषधांच्या बाटल्या, कॅन, डबे असतात, आणि ‘चांगला डबा आहे, धुऊन वापरू’ हा मोह आपल्याकडे पक्का मुरलेला. औषधाचा कॅन धुऊन त्यात तेल, पाणी, धान्य, काहीही भरू नये. त्याला भोक पाडून तो निकामी करावा आणि पोरांच्या हाताला लागणार नाही असा ठेवावा. फवारणीचा पंप आणि माप स्वयंपाकघराच्या पडवीत नको. फवारून आलेल्या हाताने किंवा त्याच कपड्यांत डबा भरायचा नाही. साबणाने हात, मग कणीक. आणि बागेतून तोडलेले द्राक्ष-पेरू, आपल्याच बागेतले असले तरी, शेवटच्या फवारणीनंतर किती दिवसांनी तोडायचे हे लेबलावर लिहिलेले असते ते पाळून, भरपूर पाण्याने धुऊनच डब्यात. आपल्या बागेचे म्हणून ते विषमुक्त होत नाही, हे शेतकऱ्याइतके कुणालाच ठाऊक नसते.

वर्तमानपत्रात गुंडाळलेला वडा किंवा पराठाही असाच जुना मोह. छपाईची शाई तेलात उतरते. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने अन्न वर्तमानपत्रात बांधण्याविरुद्ध वारंवार बजावले आहे. घडीचे सुती फडके याला केव्हाही सरस. पातळ प्लास्टिकच्या डब्यात उकळते सांबार, अॅल्युमिनियमच्या डब्यात चिंच-टोमॅटोची आमटी, कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक, हेही टाळावे. स्टील घ्यावे आणि विसरून जावे.

पहिली-दुसरीच्या आणि बालवाडीच्या मुलांसाठी आणखी एक काळजी. अख्खी द्राक्षे घशात अडकू शकतात. ती उभी चिरून द्यावीत. शेंगदाणे चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खे देऊ नयेत, कूट किंवा लाडू चालतो. आणि शेंगदाण्याची अॅलर्जी आपल्याकडे नसते असे समजू नये. महाराष्ट्रातल्या स्वयंपाकात कूट कुठे नसते? साबुदाण्यात, कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात. ज्या मुलाला ते सोसत नाही त्याच्या आईने वर्गशिक्षकांना तोंडी नव्हे तर लिहून कळवावे, कारण डबा एकट्याने खाल्ला जात नाही.

इथे मुलांच्या आवडीनिवडीचा विषय येतो, आणि तो या सगळ्याहून नाजूक आहे. मधल्या सुट्टीत डबे उघडतात तेव्हा एक छोटे प्रदर्शनच भरते. कुणाच्या डब्यात काय, हे सगळ्यांना दिसते. भाकरी-ठेचा आणणाऱ्या मुलाला ‘खेडवळ’ म्हणणारे मूल पुष्कळदा स्वतःही त्याच भागातले, तशाच घरातले असते. त्याच्या आईने मात्र त्या दिवशी नूडल्स दिलेल्या असतात. शाळेतून परत आलेली अख्खी भाकरी चवीमुळे परत आलेली नसते, लाजेमुळे आलेली असते. अशा वेळी मुलाला भाकरीचे गुण सांगून उपयोग नाही. ज्वारीच्याच पिठाची छोटी, तळहाताएवढी धिरडी करा, बाजरीच्या पिठात तीळ-गूळ घालून वड्या करा, झुणक्याचे चौकोन कापा. रूप बदलले की तेच अन्न चारचौघांत ताठ मानेने बसते. हे फसवणे नाही. मोठी माणसेही लग्नात जाताना वेगळे कपडे घालतात.

पण रूपाच्या या नादाला एक टोकही आहे. मोबाइलवर हल्ली जपानी बेंटो डब्यांचे फोटो फिरतात, भाताचे पांडा, गाजराची फुले. ते पाहून अनेक आया सकाळी उठून फुले कोरतात आणि थकतात. गंमत अशी की ज्या जपानकडे पाहून आपण हे करतो तिथे बहुसंख्य प्राथमिक शाळांतली मुले घरचा डबा खातच नाहीत. १९५४च्या शालेय भोजन कायद्यापासून शाळेतच शिजवलेले जेवण, मुलेच एकमेकांना वाढतात, सगळ्यांना एकच. पांडा बहुतेक बालवाडीच्या आणि सहलीच्या डब्यात असतो. तेव्हा गाजराचे फूल केले नाही म्हणून कुणी मनाला लावून घेऊ नये. शिवाय कोरलेल्या, चिरलेल्या प्रत्येक तुकड्याला हात जास्त लागतात, आणि हाताबरोबर जिवाणूही.

मूल डबा खात नाही याची खरी कारणे बरीचशी साधी असतात. झाकण घट्ट, उघडत नाही आणि मागायला लाज वाटते. सुट्टी वीस मिनिटांची, त्यातली दहा खेळायला हवीत. घास मोठे, रस गळणारे, हात चिकट होणारे. आदल्या दिवशीच्या भाजीचे डाग वहीवर पडले म्हणून बाई रागावल्या होत्या. नवा डबा घरी आणला की शाळेत पाठवण्याआधी मुलाला तो चार-पाच वेळा स्वतः उघडू-मिटू द्यावा. घास दोन बोटांत मावेल एवढा. आणि सगळे जेवण दहा मिनिटांत संपेल असे. वाटून खाणे मुले करणारच. आषाढीच्या वारीत तुकोबांची पालखी याच बारामती-इंदापूर रस्त्याने जाते, काल्याचा प्रसाद इथल्या मुलांना सांगावा लागत नाही. डब्यांचा काला हा बालपणातला सर्वांत चांगला प्रसाद आहे असे माझे मत. फक्त अॅलर्जी असलेल्या मुलाचा डबा त्यातून वगळावा आणि काला व्हायच्या आधी हात धुतलेले असावेत.

पोषणाचा हिशोब पुढे सविस्तर आहे, इथे थोडक्यात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशींनुसार सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १७०० किलोकॅलरी आणि २३ ग्रॅम प्रथिने लागतात. दुपारच्या डब्याने यातला तिसरा हिस्सा भागवावा. चपाती आणि बटाटा एवढ्याने पोट भरते, प्रथिने भरत नाहीत. हरभरा, मटकी, हुलगे, मूग, शेंगदाणे, तीळ, अंडे, यांपैकी एक तरी डब्यात असावे. मोड मात्र वाफवून द्यावेत. कच्चे मोड पौष्टिक म्हणून विकले जातात, पण ज्या उबेत आणि ओलाव्यात मोड येतात त्यातच जिवाणूही वाढतात. लोहासाठी बाजरी आणि पालेभाजी देणाऱ्या आईने सोबत पेरूच्या फोडी किंवा लिंबू द्यावे. त्यातल्या ‘क’ जीवनसत्त्वाने लोह अंगी लागते. पेरू या भागात मुबलक पिकतो, आणि आमच्या माहितीत तो मुलांच्या डब्यापेक्षा पुण्याच्या मार्केट यार्डात जास्त जातो. दुकानातल्या बिस्किटांच्या पुड्यांवर मी इथे वेळ घालवत नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२०च्या नियमांत शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त साखर, मीठ, स्निग्धांश असलेले पदार्थ विकायला बंदी केली आहे. एक्कावन्नाव्या मीटरवर टपरी असतेच.

डब्याचे पुस्तक म्हणजे डबा देऊ शकणाऱ्यांचे पुस्तक, हा आक्षेप रास्त आहे. महाराष्ट्रात मुलांनी शाळेत काय खावे आणि कुणाच्या शेजारी बसून खावे हा प्रश्न जुना. पुण्यात वार लावून जेवणारे विद्यार्थी होते, माधुकरी मागणारे होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह काढले, सगळी मुले एका पंगतीला बसवली. मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि मंगळसूत्रही मोडले. १५ ऑगस्ट १९९५ला केंद्राची माध्यान्ह भोजन योजना आली, तेव्हा आपल्याकडे मुलाला महिन्याला तीन किलो तांदूळ घरी नेता यायचा. तो कुणाच्या ताटात जायचा हे घरावर अवलंबून. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ला शाळेत शिजवलेलेच जेवण द्या असा आदेश दिला आणि खिचडीची पातेली वर्गाबाहेर आली. पहिली ते पाचवीसाठी ४५० किलोकॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीसाठी ७०० आणि २० ग्रॅम, असा तिचा मापदंड. गंडामनच्या घटनेनंतर मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईने चव घेऊन पाहायची हा नियम काटेकोर झाला. हा नियम प्रत्येक घरात हवा. सकाळी डबा भरणारीने त्यातला एक घास खाऊन पाहिलेला नसतो, हे आपण सगळेच जाणतो.

नोव्हेंबर २०२३पासून महाराष्ट्रात या आहारात आठवड्यातून एकदा अंडे आले होते, अंडे न खाणाऱ्यांना केळे. जानेवारी २०२५मध्ये सरकारने त्याचा वेगळा निधी थांबवला आणि हवे तर लोकवर्गणीतून द्या असे सांगितले. ज्या गावात यात्रेची वर्गणी एका दिवसात जमते तिथे अंड्यांचीही जमेल, असे कुणी म्हणेल. जमावी. पण जे मुलाच्या हक्काचे होते ते वर्गणीवर सोपवणे मला पटत नाही, आणि प्रस्तावनेत ते न लिहिता पुढे जाणेही जमले नाही.

डबा कोण भरतो, यावरही या पानांत फार कुठे भाष्य नाही, म्हणून इथे. सगळ्या कृती ‘आईने’ अशा सुरू होतात. शेतावर, गोठ्यात, कारखान्यात, अंगणवाडीत काम करणारी आई पहाटे साडेचारला उठून चार डबे भरते. बापाला कणीक मळता येत नाही असे नाही. मळायला सांगितलेले नाही. रात्री भाजी निवडून ठेवणे, मटकी भिजत घालणे, चटणी महिन्याची एकदम कुटून ठेवणे, डबे-बाटल्या घासून पालथ्या घालणे, एवढी कामे घरातल्या दुसऱ्या कुणी उचलली तर सकाळचा पाऊण तास वाचतो, आणि चपातीची वाफ जाऊ द्यायला लागणारी दहा मिनिटे त्यातूनच निघतात.

शेवटचे प्रकरण ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी आहे, आणि ते सर्वांत छोटे असूनही मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. दिवाळीच्या आसपास कारखान्यांचे गाळप सुरू झाले की बीड, नगर, जालना भागांतून टोळ्या येतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत उसाच्या फडांशेजारी कोप्या करून राहतात. बाई पहाटे तीनला उठून चुलीवर भाकऱ्या थापते, मग कोयता घेऊन फडात जाते. मूल जवळच्या शाळेत बसवलेले असेल तर त्याला तिथले जेवण मिळते. नसेल तर पहाटेची भाकरी दुपारी दोनला. तिथे फ्रिज नाही, ओटा नाही, पाणी टँकरचे किंवा पाटाचे. या प्रकरणातल्या सगळ्या कृती म्हणून एका चुलीवर, एका तव्यावर आणि एका पातेल्यात होणाऱ्या आहेत: तीळ घालून भाजलेली बाजरीची भाकरी, शेंगदाणा-लसणाची चटणी, गुळाचा खडा, भाजलेले हरभरे, उकळून निवलेले पाणी झाकणाच्या भांड्यात. त्यासोबत एक पान शाळेच्या मुख्याध्यापकांसाठी आहे. हंगामी मुलाचे नाव पटावर नसले तरी ते वर्गात आले तर त्याला वाढायचे, त्यासाठी कुठल्या नोंदी कशा करायच्या आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना काय कळवायचे, ते त्या पानावर आहे. ते पान फाडून कार्यालयाच्या भिंतीवर लावता येईल असे वेगळे छापले आहे.